चोवीस डॉलरच्या आयसी नागपुरात साडेपाच हजारांच्या वर का गेल्या?

प्रतापनगरात राहणाऱ्या, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: छतावरचे तापमान सहा ठिकाणी नोंदवणारे यंत्र तयार करण्यासाठी त्याने थर्मोकपल या तापमान-संवेदकाच्या सहा आयसी (छोट्या इलेक्ट्रॉनिक चिप) आणि एक अचूक एडीसी (विद्युत संकेत आकड्यांत बदलणारी आयसी) परदेशातील वितरकाकडून मागवली. आयसींची किंमत २४ डॉलर आणि पाठवणावळ २० डॉलर होती. सगळे पैसे भरून झाले असे वाटत असताना कुरिअर कंपनीचा संदेश आला, की आणखी १,५१९ रुपये भरल्याशिवाय पार्सल मिळणार नाही. ही फसवणूक आहे का, आणि पुढच्या वेळी हे टाळता येईल का, असे त्याने विचारले आहे.

धंतोलीत मोजमाप उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करताना गेली पंचवीस वर्षे मी परदेशातून सुटे भाग मागवत आलो आहे, आणि असे अनपेक्षित बिल सुरुवातीच्या काळात माझ्याही दाराशी अनेकदा आले आहे. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

फसवणुकीची शंका आली हे चांगलेच झाले. ‘पत्ता अपूर्ण आहे, २५ रुपये भरा, नाहीतर पार्सल परत जाईल’ अशा धाटणीचे खोटे संदेश सर्रास येतात आणि त्यांतील दुव्यावर कार्डाचा तपशील भरला की खाते रिकामे होते. संदेशातील दुव्याला हात न लावता कुरिअर कंपनीच्या संकेतस्थळावर आपण स्वतः जावे आणि विक्रेत्याने दिलेला वेबिल क्रमांक, म्हणजे पार्सलचा माग काढण्याचा क्रमांक, तेथे टाकावा. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या छायाचित्रात वेबिल क्रमांक, विक्रेत्याचे नाव आणि मालाची किंमत तिन्ही जुळत आहेत. त्यामुळे मागणी खरी आहे आणि तिच्यातील बहुतेक रक्कम नियमाला धरून आहे.

आता ते बिल समोर ठेवून एकेक ओळ पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून एक डॉलर ९० रुपयांचा धरतो. सीमाशुल्क विभाग स्वतः जाहीर केलेला विनिमय दर लावतो, बँकेचा नव्हे, एवढे मात्र लक्षात असू द्या. आयसींची किंमत २,१६० रुपये झाली. सीमाशुल्क केवळ या किमतीवर लागत नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. विमा स्वतंत्र दाखवलेला नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरला जातो, म्हणजे २४ रुपये ३० पैसे. वाहतुकीच्या बाबतीत २००७ च्या सीमाशुल्क मूल्यनिर्धारण नियमांत आपल्यासारख्यांना अत्यंत उपयोगी अशी एक तरतूद आहे: माल विमानाने आला असेल, तर प्रत्यक्ष वाहतूक खर्च कितीही असला तरी शुल्क आकारण्यापुरता तो मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरायचा नाही. तुम्ही पाठवणावळीचे १,८०० रुपये भरले आहेत, पण शुल्कासाठी धरले गेले ४३२ रुपये. अशा रीतीने शुल्कपात्र मूल्य २,६१६ रुपये ३० पैसे झाले. त्यावर १० टक्के मूळ सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), असे मिळून ८११ रुपये होतात. बिलावरील बाकीचे ७०८ रुपये सरकारकडे गेलेलेच नाहीत. ते कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क आहे: ६०० रुपये आणि त्यावरचा १०८ रुपयांचा जीएसटी. कंपनी तुमच्या वतीने सीमाशुल्क आधी भरते, कागदपत्रे दाखल करते आणि त्याचा मोबदला घेते.

कार्डाचा खर्च तुम्ही मोजलेला नाही. परकी चलनातील व्यवहारावर तुमची बँक साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी घेत असेल, तर माल आणि पाठवणावळ मिळून ३,९६० रुपयांवर आणखी १६४ रुपये गेले. पैसे भरताना संकेतस्थळ ‘रुपयांत भरायचे का?’ असे विचारते तेव्हा पुष्कळदा त्यांचा स्वतःचा विनिमय दर लागतो आणि तो बँकेच्या दरापेक्षा महाग असतो, हेही तपासून पाहावे.

एकूण ५,६४३ रुपये. त्यांपैकी माल २,१६० रुपयांचा. उरलेल्या ३,४८३ रुपयांत सरकारचा वाटा ८११ रुपयांचा आहे आणि पाठवणावळ व हाताळणी मिळून २,५०८ रुपयांची आहे. मला सगळ्यात आग्रहाने सांगायचे आहे ते हेच. माझ्याकडे येणारी बहुतेक मुले ‘कस्टमवाल्यांनी लुटले’ असे म्हणत येतात. परंतु छोट्या पार्सलमध्ये खरा बोजा असतो तो पार्सल हलवण्याचा आणि सोडवण्याचा, आणि हे दोन्ही खर्च आत २४ डॉलरचा माल आहे की २४० डॉलरचा, याकडे फारसे पाहत नाहीत. एका खोक्याची म्हणून एक किंमत असते आणि ती तुम्ही एका यंत्राच्या सात आयसींवर लादलीत. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी भागाची छापील किंमत बाजूला ठेवून त्याची घरपोच किंमत काढायची सवय लावून घ्या. वर केलेला हिशेब वहीच्या अर्ध्या पानात मावतो.

बिलात दोन जागी चूक होऊ शकते आणि तेथे दाद मागता येते. पहिली जागा म्हणजे वाहतूक खर्चाचा तो २० टक्क्यांचा बांध. तो लावला गेला नसता आणि पूर्ण १,८०० रुपये धरले असते, तर शुल्क ८११ ऐवजी १,२३४ रुपये झाले असते. दुसरी जागा वर्गवारीची. प्रत्येक मालाला एक एचएस कोड, म्हणजे शुल्काचा दर ठरवणारा वर्गवारीचा क्रमांक, असतो. एकात्मिक परिपथ, म्हणजे आपल्या आयसी, ८५४२ या शीर्षकाखाली येतात आणि तेथे मूळ सीमाशुल्क शून्य आहे. फक्त १८ टक्के आयजीएसटी लागतो. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील सीमाशुल्क हटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ मध्ये सिंगापूर येथे झाला आणि १९९७ मध्ये भारत त्यात सामील झाला, त्याचे हे फळ आहे. रोधक आणि धारित्रेही, म्हणजे रोजच्या भाषेतले रेझिस्टर आणि कपॅसिटर, याच सवलतीत आहेत. मात्र व्यक्तीच्या नावाने, स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा हवाईमार्गाने आलेल्या शुल्कपात्र मालासाठी ९८०४ हे वेगळे शीर्षक आहे आणि कुरिअर कंपन्या व्यक्तींची पार्सले बहुधा त्याच्याखाली दाखल करतात. तेथे आत काय आहे याला महत्त्व न राहता एकच दर लागतो. तुमच्या बिलावर १० टक्के दर दिसतो आहे. तेव्हा कुरिअर कंपनीकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सीमाशुल्काकडे दाखल केलेल्या आयातपत्राची, प्रत मागून घ्या आणि तीत कोणते शीर्षक लिहिले आहे ते पाहा. ही प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे आणि ती न पाहता वाद घालण्यात अर्थ नसतो. पुढच्या वेळी विक्रेत्याला इनव्हॉइसवर ‘इलेक्ट्रॉनिक पार्ट्स’ असे मोघम न लिहिता प्रत्येक ओळीवर भागाचा पूर्ण क्रमांक, एचएस कोड आणि उत्पादनाचा देश लिहायला सांगा. मोठे वितरक हे आपणहून करतात, छोटे विक्रेते सांगितल्यावर करतात.

मागणी नोंदवतानाच एक शब्द पाहायचा असतो, तो म्हणजे डीडीपी की डीएपी. डीडीपी असेल तर आयातशुल्क विक्रेता भरतो आणि ते किमतीत आधीच धरलेले असते. डीएपी असेल तर माल तुमच्या दारापर्यंत येतो, पण शुल्क तुमच्या माथी असते. तुमच्या मागणीच्या पुष्टिपत्रात तळाशी डीएपी लिहिलेले आहे. ‘मोफत पाठवणावळ’ अशी जाहिरात असली, तरी ती डीएपीच असू शकते आणि त्यात शुल्क किंवा हाताळणी धरलेली नसते. काही मोठे वितरक भारतासाठी रुपयांत किंमत दाखवतात आणि ठरावीक रकमेपुढे पाठवणावळ घेत नाहीत. ती रक्कम गाठण्यासाठी नको असलेले भाग यादीत घालण्याचा मोह होतो. माझ्या कपाटात अशा मोहाने आलेले जोडणीचे भाग अजून पडून आहेत. पण वर्षभरात लागणारच आहेत अशा वस्तूंनी ती रक्कम भरत असेल, तर तो व्यवहार निःसंशय फायद्याचा.

यापुढची गोष्ट वजनाची, आणि येथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या परदेशी विक्रेत्याकडून मी ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पेट्या मागवल्या होत्या. दोन्ही मिळून ९०० ग्रॅम. त्याने एक किलोची पाठवणावळ घेतली आणि आठवड्याने फरकाची मोठी रक्कम मागणारे पत्र पाठवले. पार्सल आल्यावर मी टेप लावून खोके मोजले: लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची २५. आत माझ्या पेट्या तळाशी आणि वर सगळ्या हवा भरलेल्या पिशव्या. आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपन्या सेंटिमीटरमधील तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोमधले ‘आकारमानी वजन’ म्हणून धरतात. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांतले जे जास्त त्यावर दर लागतो. माझ्या खोक्याचे आकारमानी वजन ६ किलो भरले. कुरिअर कंपनी चुकलेली नव्हती; विक्रेत्याने हाताशी होते ते खोके वापरले होते. तेव्हापासून पेटी, उष्णताशोषक, पंखा, मोठा डिस्प्ले असे काहीही मागवताना मी खोक्याची मापे आधी लेखी मागतो. तुमच्या आयसींना हा प्रश्न नाही, पण यंत्राची पेटी बाहेरून मागवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. पेटी येथेच घ्या किंवा पत्रा कापून करून घ्या.

याउलट वजनाचा टप्पा तुमच्या बाजूनेही वापरता येतो. कुरिअरचे दर सहसा अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतात. १०० मिलिमीटर बाय १०० मिलिमीटर आकाराची, १.६ मिलिमीटर जाडीची साधी पीसीबी (सुटे भाग बसवायची छापील परिपथाची पाटी) साधारण ३० ग्रॅमची असते. पाच पीसीबी मागवल्या तर १५० ग्रॅम, दहा मागवल्या तर ३०० ग्रॅम. पाठवणावळ तीच. परदेशात पीसीबी करून घेणाऱ्यांना पाच नगांचे काम अगदी क्षुल्लक किमतीत मिळते आणि पाठवणावळ त्याच्या कित्येक पट असते, तेव्हा त्याच खोक्यात आणखी एका रचनेच्या पीसीबी येऊ शकतात का, हे अवश्य पाहावे.

वेळेच्या भाड्याचाही उल्लेख करायला हवा. केवायसीची कागदपत्रे, म्हणजे आधार, पॅन वगैरे, वेळेवर न दिल्यास पार्सल मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर अडकते आणि साठवणुकीचे पैसे चढत जातात. इंधन अधिभार वेगळा असतो आणि तो बदलत राहतो. दुर्गम क्षेत्राचा अधिभारही असतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी मागणीपूर्वी आपला पिनकोड कंपनीच्या यादीत तपासावा आणि शक्य असल्यास नागपुरातील नातेवाइकाचा पत्ता द्यावा.

‘पूर्वी तर दोन डॉलरचा भाग फुकटात घरी यायचा’ असे जुने छंदिष्ट सांगतात आणि ते खरे आहे. दोन किलोपर्यंतची छोटी पाकिटे जागतिक टपाल संघाच्या ठरलेल्या दरांनी जात आणि चीनहून येणाऱ्या पाकिटासाठी पोहोचवणाऱ्या देशाला फार कमी मोबदला मिळे. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हा येथील विशेष अधिवेशनात हे दर बदलण्याचे ठरले. पाठोपाठ २०२० मध्ये विमाने बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताने बंदी घातलेल्या ॲपमध्ये अलीएक्स्प्रेसही होते. तो काळ डोळ्यांसमोर ठेवून आजचा हिशेब करू नये. साध्या टपालाने येणारे पाकीट अजूनही स्वस्त पडते, पण माझा सल्ला असा, की ते निवडताना नोंदणीकृत आणि १३ चिन्हांचा क्रमांक असलेलेच निवडावे. तो क्रमांक नसलेले पाकीट हरवले तर विचारायला जागाच राहत नाही.

खर्च वाचवण्याचा एक मार्ग मात्र कोणीही सुचवला तरी धरू नका. एका विक्रेत्याने न विचारता, माझ्या भल्यासाठी म्हणून, पाकिटावर ‘भेटवस्तू, किंमत ५ डॉलर’ असे लिहून पाठवले होते. पाकीट अडकले, खुलासे द्यावे लागले आणि शेवटी माल हाती आला नाही. १२ डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल आणण्यावर बंदी आहे; त्यातून जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच वगळलेले आहे. किंमत खोटी लिहिणे हा तर स्वतंत्र अपराध आहे आणि त्यासाठी माल जप्त होऊ शकतो. विक्रेत्याला पहिल्याच पत्रात ‘खरी किंमत लिहा’ असे सांगून ठेवावे. भारतात ‘अमुक रकमेपर्यंत शुल्क माफ’ अशी सोय ऑनलाइन खरेदीला नाही. एकूण शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तरच ते वसूल केले जात नाही.

तसेच सुट्या लिथियम बॅटऱ्या परदेशातून मागवू नयेत. एप्रिल २०१६ पासून त्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत आणि धोकादायक मालाचा अधिभार बॅटरीच्या किमतीला झाकून टाकतो. वायफाय, ब्लूटूथ किंवा अन्य रेडिओ असलेल्या मोड्यूलला केंद्राच्या वायरलेस विभागाची मान्यता लागते. ती नसलेले मोड्यूल अडकले की शुल्काचा प्रश्न दुय्यम होतो. दोन्ही वस्तू भारतातील विक्रेत्यांकडे सहज मिळतात.

याच न्यायाने आपली यादी नेहमी दोन भागांत फोडावी. रेझिस्टर, कपॅसिटर, हेडर, रेग्युलेटर, सामान्य सेन्सर मोड्यूल हे सीताबर्डीत मिळते; न मिळाल्यास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून देशांतर्गत कुरिअरने येते. दुकानदार नगामागे दुप्पट किंमत सांगतो म्हणून रागावू नका. त्याने शंभर नगांवर वाटलेला खर्च तुम्हाला एका नगावर सोसावा लागणार असतो. परदेशी यादीत फक्त तेच राहावे ज्याला येथे खात्रीचा पर्याय नाही. अचूक एडीसी आणि थर्मोकपलच्या आयसी मी स्वतःही अधिकृत वितरकाकडूनच घेतो, कारण बनावट आयसीमुळे वाचन दोन अंशांनी चुकले तर ते शोधण्यात जाणारे दिवस पाठवणावळीपेक्षा महाग पडतात. तेथे तुमची निवड योग्यच होती.

आता एकत्र मागणीचा हिशेब. तुमच्यासारख्या सहा जणांनी मिळून १४४ डॉलरच्या आयसी मागवल्या असे धरा. माल १२,९६० रुपयांचा, पाठवणावळ तीच १,८००, कार्डाचे ६१०. शुल्कपात्र मूल्य सुमारे १४,९०६ रुपये. हा माल आयात-निर्यात कोड असलेल्या आस्थापनेच्या नावाने, आयसी म्हणून ८५४२ खाली आला, तर त्यावर केवळ १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे २,६८३ रुपये. हाताळणी तीच ७०८ धरली, तर एकूण १८,७६१ रुपये, आणि प्रत्येकी ३,१२७. तुम्हाला ५,६४३ पडले होते. मात्र अशी एकत्र मागणी एका विद्यार्थ्याच्या नावाने ‘वैयक्तिक वापरासाठी’ म्हणून करू नका. एकाच आयसीचे छत्तीस नग पाहून अधिकारी व्यापारी आयातीची शंका घेणारच, आणि ती शंका रास्त असते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमार्फत किंवा कोड असलेल्या एखाद्या व्यावसायिकामार्फत करावी. हा कोड विदेश व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन मिळतो, त्याचे शुल्क ५०० रुपये आहे.

तुमच्या सध्याच्या पार्सलबद्दल: ते नाकारू नका. नाकारल्यास परतीची पाठवणावळ विक्रेता तुमच्या परताव्यातून कापून घेऊ शकतो आणि हाती काहीच उरत नाही. आजच केवायसी पूर्ण करा, कंपनीच्या संकेतस्थळावरूनच १,५१९ रुपये भरा, पावती आणि बिल ऑफ एंट्री जपून ठेवा. शीर्षक चुकीचे निघाले तर ती प्रत घेऊन कार्यशाळेत या. दुरुस्तीचा अर्ज कसा लिहायचा ते मी दाखवीन. माझ्या कोडवर दर दोन महिन्यांनी एक मागणी जाते आणि तीत तीन-चार विद्यार्थ्यांचे भाग रीतसर बिलाने असतात. दुसऱ्या यंत्रासाठी आयसी लागणार असतील, तर भागाचे पूर्ण क्रमांक आणि नग लिहून आणा, पुढच्या यादीत घालू.